रथापर्यंतची वाट

आमच्या घरात रेघा मारलेल्या दोन वह्या आहेत. एक बागेची. तिच्यात तारीख, औषध, प्रमाण, हवा कशी होती, पाऊस किती झाला, सगळं यांच्या अक्षरात. दुसरी माझी. तिच्यातही पाच रकाने: कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी पाठवली, पोच, उत्तर. २०१६च्या जूनमध्ये पहिली नोंद केली. आजपर्यंत ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या ९ कथा छापून आल्या, १४ साभार परत आल्या, २ मी स्वतः मागे घेतल्या. एकीचं उत्तर यायचं आहे. उरलेल्या १५ नोंदींपुढचा शेवटचा रकाना कोरा आहे. पहिल्या नोंदीपुढचाही.

मला बोलायचं आहे ते त्या कोऱ्या रकान्यांबद्दल.

आम्ही तासगाव तालुक्यातले. साडेतीन एकर द्राक्षबाग, घरात सासूबाई, हे, मी आणि दोन मुलं. मी बी.ए. मराठी केलं आणि लग्नानंतर पंधरा वर्षं काहीच लिहिलं नाही. मग लिहायला लागले ते पावसाळ्यात. एप्रिलची खरड छाटणी (जुन्या काड्या खरडून काढणं) झाली, सबकेन (फूट खुडून बगलफूट काढणं) झाली, शेंडे खुडून झाले की जूनच्या पुढे बागेत थोडी उसंत मिळते. नेमकं त्याच वेळी दिवाळी अंकांचं आवाहन निघतं. बहुतेक अंक जूनअखेर नाहीतर जुलैअखेर साहित्य मागवतात. कथा अप्रकाशित असावी, युनिकोडमध्ये टाइप केलेली असावी, शब्दमर्यादा पाळावी, एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, अस्वीकृत साहित्य परत पाठवले जाणार नाही. मला ही वाक्यं तोंडपाठ झाली आहेत.

सुरुवातीला मी हातानं लिहून पाठवायचे. फुलस्केप कागद, एकाच बाजूला मजकूर, डावीकडे समास, पान क्रमांक, आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहून तिकिटं लावलेलं पाकीट. ते परतीचं पाकीट घडी घालून आत सरकवताना फार विचित्र वाटायचं. आपल्याच हातानं आपल्या नकाराची सोय करायची. पण आज मला ती पद्धत चांगली वाटते. त्या पाकिटामुळे निदान काहीतरी घरी परत यायचं. पहिली काही साभार परत पत्रं मी जपून ठेवली आहेत. दोन ओळींचा छापील कागद: आपण अगत्याने कथा पाठवलीत, आभारी आहोत, तूर्त उपयोग करता येत नाही, लोभ असावा. खाली शाईची सही. त्या सहीवरून मी कितीतरी वेळा बोट फिरवलं आहे. कुणीतरी पेन हातात घेतलं होतं म्हणजे कथा वाचली होती, असं मानायला ती जागा देते.

आता सगळं ईमेलवर. मी मोबाइलवर टाइप करते, मुलगी शुद्धलेखन बघते, रात्री अकरानंतर रेंज चांगली असते तेव्हा पाठवते. पाठवायला दोन सेकंद लागतात. वाट पाहायला मात्र पूर्वीइतकेच महिने.

आमच्याकडे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळापासून तो दोर धरून माणसंच ओढतात. अख्खा तालुका लोटतो. मी वाट पाहण्याची सीमा त्या रथावर ठेवली आहे. दिवाळी अंकाचा मजकूर गणपतीच्या आसपास छपाईकडे जायला लागतो. त्यामुळे रथ ओढून झाला आणि तरी उत्तर नाही, तर ती कथा यंदा नाही असं समजायचं. हा नियम मला कुणी सांगितला नाही, तीन-चार वर्षांच्या वहीतून काढला. त्यानं खूप बरं वाटतं. वाट पाहण्याला टोक असलं की माणूस मध्ये दुसरं काम करू शकतो.

कॉलेजात आमचे मराठीचे सर ‘सत्यकथे’बद्दल तास तास बोलायचे. ते मासिक १९८२मध्ये बंद पडलं, तेव्हा मी वर्षाची होते. सर सांगायचे की तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत करतानाही लेखकाला पत्र लिहीत. कुठे ढिली पडली, काय उपरं वाटतं, पुन्हा लिहून पाठवाल का. काही कथा दोन-तीनदा फिरून मग छापल्या जात. मला ते ऐकताना हेवा वाटायचा. याच मासिकाचा अंक १९६९मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुणांनी जाहीरपणे जाळला, हेही सरांनीच सांगितलं. तेव्हा मला त्या मुलांचा राग आला होता. आता येत नाही. कुणाचं जगणं आणि कुणाची बोली छापण्याजोगी, हे मोजक्या माणसांनी ठरवायचं, याची चीड त्यामागे होती, आणि ती चीड मला पुढे माझ्याच कथेत भेटली.

ती कथा बेदाण्याच्या शेडवरची होती. शेडवर निवडायला बसणाऱ्या दोन बायका, एक नवी, एक जुनी, आणि गंधकाच्या धुरीनं चुरचुरणारे डोळे. २०१८मध्ये लिहिली. पहिल्या ठिकाणाहून साभार परत. दुसऱ्या ठिकाणी पाच महिने शांतता. तिसऱ्यांदा एका त्रैमासिकाकडे पाठवली. तिथून सातव्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. पन्नास पैशांचं कार्ड, बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी भरलेलं. संपादकांनी लिहिलं होतं की शेवट चांगला आहे, धुरीचा परिच्छेद उत्तम आहे, पण शेडवरच्या बायका खरंच अशा बोलतात का? तुम्ही तिथे बसला आहात, मी बसलेलो नाही. संवाद पुन्हा पाहून पाठवणार असाल तर मी वाचेन.

मी कथा काढून वाचली. जुनी बाई नवीला म्हणत होती, ‘अगं, जरा बाजूला सरकतेस का? बारा वाजले तरी तुझं काम झालेलं नाही.’ मी त्या शेडवर चार हंगाम काढले आहेत. असं वाक्य तिथे कुणी कधी उच्चारलेलं नाही. मग मी ते का लिहिलं? शाळेत वहीत ‘न्हाई’ लिहिलं की लाल शाई फिरायची, म्हणून. छापायचं म्हणजे असंच बोलायचं, हे हाडात गेलेलं होतं. कुणी जाळायच्या आधी मीच आमची बोली चुलीत घातली होती.

त्या रात्री मी सासूबाईंना सगळे संवाद वाचून दाखवले. आत्ती चौथी शिकलेल्या. निम्मं आयुष्य शेडवर आणि बागेत गेलेलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ह्या बाया कुठल्या गं? पुण्याच्या?’ मग आम्ही दोघी बसलो. ‘ए, सरक की जरा. उन्हं डोक्यावर आली, आजून तुजी एक पाटी न्हाई झाली.’ हे मी लिहिलं. आत्तींनी तेही सुधारलं. म्हणाल्या, ‘पाटी न्हवं. आता क्रेट म्हंत्यात समद्या.’ तीन रात्री असं चाललं. चौथ्या दिवशी कथा पाठवली. २०२०च्या मार्चच्या अंकात ती आली. तेव्हाच टाळेबंदी लागली, टपाल थांबलं, आमची द्राक्षंही वेलीवरच अडकली आणि निम्मा माल आम्ही बेदाण्याला टाकला. अंकाची लेखकप्रत जूनमध्ये हातात पडली. आत्तींनी तो अंक देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवला आहे. पाहुणे आले की बाहेर काढतात.

ज्या दोन ठिकाणी कथा त्याआधी गेली होती, तिथल्या कुणाला हेच खटकलं असेल का? असेलही. मला कळायला मार्ग नव्हता. एका ओळीत कळवलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

शांततेनं माझं एकदा मोठं नुकसान केलं, तेही सांगते, कारण नव्यानं लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल. २०२२मध्ये एका दिवाळी अंकाला मेच्या शेवटी कथा पाठवली. पोच नाही. जुलैत विचारलं, उत्तर नाही. सप्टेंबर लागला, रथही होऊन गेला. एका दुसऱ्या अंकाला ऐनवेळी एक कथा कमी पडत होती, त्यांचा फोन आला, तेव्हा मी तीच दिली. दिवाळीत दोन्ही अंकांत कथा. पहिल्यांनी घेतली होती, मला फक्त सांगितलं नव्हतं. दुसऱ्या संपादकांचा फोन आला. ते रागावले नाहीत. ‘ताई, तुम्ही आम्हाला असं करायला नको होतं,’ एवढंच म्हणाले. मी पायरीवर बसून ऐकत होते आणि मला काय बोलावं सुचेना. चूक माझीच होती. एक कथा एका वेळी एकाच दारात, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती मला माहीत होती. मात्र तिथून उठायचं असेल तर कळवून उठायचं, हे मला माहीत नव्हतं. आता मी कळवते. चार महिने झाले की दोन ओळींचं पत्र: अमुक तारखेला पाठवलेली अमुक कथा मी मागे घेत आहे, कृपया विचारात घेऊ नये. हे पत्र गेल्याशिवाय कथा दुसरीकडे जात नाही. वहीतल्या त्या दोन मागे घेतलेल्या नोंदी अशाच आहेत.

संपादकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून आज दरवर्षी शेकडो अंक निघतात, आणि त्यातले कितीतरी एक-दोन माणसं नोकरी सांभाळून काढतात. जाहिराती तीच मागतात, मुद्रितं तीच तपासतात, अंकांचे गठ्ठे तीच बांधतात. मला एका अंकानं पाचशे रुपये मानधन पाठवलं, तेव्हा ते कुठून काढले असतील याचा मी विचार करत होते. म्हणून मला लांब पत्र नको. कथेची चिकित्साही नको. ‘घेत नाही’ एवढे दोन शब्द हवेत, आणि जमलं तर का, याचा एक शब्द. ‘लांबली.’ ‘शेवट ओढला.’ ‘संवाद.’

हे मागणं मी बागेतून शिकले. द्राक्षाचा घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो, पण तो काडीत ठरतो उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. तेव्हा ऊन मिळालं नाही की काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, घड बसतच नाही. यंदा मे महिन्यातच पाऊस लागला आणि उठलाच नाही. आता सगळे धास्तावले आहेत. म्हणून छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देतात. तिथे एकेक डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कागदावर लिहून देतात: तिसऱ्या डोळ्यात घड नाही, पाचव्यात आहे, सातव्यात बाळी (घडाऐवजी नुसता तणावा) आहे. वाईट अहवाल आला की घरात जेवण कडू होतं. तरीही तो हवाच असतो. कारण कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची हे त्याच्यावरून ठरतं. अहवालच मिळाला नाही तर माणूस अंदाजानं कापतो आणि चांगला डोळा कात्रीखाली जातो.

मी अशा चांगल्या कथा कापल्या आहेत. उत्तर न आलेल्या त्या पंधरापैकी चार मी शांततेलाच नकार समजून इतक्यांदा बदलल्या की त्यांच्यात आता काही उरलं नाही. मूळ प्रती ठेवल्या नव्हत्या. आता ठेवते. तुम्हीही ठेवा. प्रत्येक वेळी पाठवलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये, नावापुढे तारीख घालून.

यंदाची कथा २४ जूनला गेली. पाण्याच्या टँकरवर चालक असलेल्या एका मुलाची आहे, आणि सगळी आमच्या बोलीत आहे, निवेदनसुद्धा. हे पहिल्यांदाच केलं. तिसऱ्या दिवशी पोच आली. ऑगस्टच्या सुरुवातीला आणखी एक ओळ आली: वाचतो आहोत, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नक्की कळवू. २८ ऑगस्टला रथ ओढून झाला. माझ्या नियमानं मी ही कथा सोडून द्यायला हवी होती. पण कुणी तारीख दिली असेल तर नियम बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. त्या एका ओळीच्या बळावर मी महिनाभर दुसरी कथा लिहिते आहे, शांतपणे.

काल हे काड्या घेऊन तासगावला गेले होते. संध्याकाळी मी दिवा लावत होते, तेवढ्यात आत्तींनी ओट्यावरून विचारलं,

‘आलं का गं काय?’

‘कशाचं, आत्ती? काडीचं का गोष्टीचं?’

‘दोनीचं.’

‘काडीचं परवा मिळंल म्हणालेत.’