झाकणावरचं नाव आणि खालचं हाउसिंग: एका जुन्या क्विक-चेंजची ओळख पटवताना

इंडियानात आमच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांचे वडील 1950 च्या दशकात मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचे. वडिलांच्या शेडमधून रेसगाडीचा एक मागचा अ‍ॅक्सल निघाला. तो विकायचा की ठेवायचा हे ठरवण्याआधी तो कुणी बनवला आणि कधी, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लहानाचा मोठा झालेला, ओतकाम पाहत वाढलेला. म्हणून त्यांनी मला हाक मारली आणि मी आनंदाने गेलो.

तो क्विक-चेंज प्रकारचा होता. क्विक-चेंज म्हणजे काय, ते आधी सांगतो. ओव्हल ट्रॅकवर ड्रायव्हर सहसा एकाच गिअरवर धावतो, त्यामुळे इंजिन आणि चाकं यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर त्या ट्रॅकला चपखल बसावं लागतं. पाव मैलाच्या ट्रॅकला एक गुणोत्तर, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकला दुसरं. माती सुकून गुळगुळीत झाली की संध्याकाळी पुन्हा वेगळं. साध्या अ‍ॅक्सलमध्ये त्यासाठी क्राउन-पिनियनच (चाकांना फिरवणारा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) बदलावं लागतं आणि त्यात दिवस जातो. क्विक-चेंजमध्ये पुढून आलेला शाफ्ट खालून थेट मागे जातो. तिथे दोन सरळ दात्यांचे गिअर फिरण्याची दिशा उलटवून ती शक्ती वरच्या पिनियनला देतात आणि पिनियन मागून पुढे तोंड करून क्राउनला फिरवतं. पिनियन क्राउनच्या मागे आल्यामुळे गाडी उलटी धावली असती, पण त्या दोन गिअरांनी दिशा आधीच फिरवलेली असते, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. ही रचना मला फार देखणी वाटते. मागचं झाकण काढायचं, ते दोन गिअर ओढून घ्यायचे, दुसरी जोडी सरकवायची, झालं.

आमच्या अ‍ॅक्सलच्या झाकणावर ठळक अक्षरांत हॅलिब्रँड आणि कल्व्हर सिटी असं होतं. टेड हॅलिब्रँड हे नाव अमेरिकन रेसिंगमध्ये मोठं आहे. विमानांच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस युद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत मॅग्नेशियमची चाकं आणि क्विक-चेंज बनवू लागला. 1950 च्या दशकात इंडियानापोलिसला त्याचे भाग नसलेली गाडी शोधावी लागायची. शेजाऱ्यांना ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्या सगळ्यांनी झाकण वाचून निकाल देऊन टाकला होता.

मला ते पटेना. या यंत्रात सगळ्यात जास्त वेळा निघणारा भाग म्हणजे झाकण. दर शर्यतीला ते उघडतं, घाईत आपटतं, फुटतं आणि मित्राच्या गाडीचं काढून बसवलं जातं. नाव तिथे आहे म्हणून खालचं हाउसिंग, म्हणजे गिअरांचं बाहेरचं कवच, त्याच नावाचं, असं कसं म्हणायचं?

साफसफाईपासून सुरुवात केली. शेजारी ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून तयार होते, ते मी आधी थांबवलं. हाउसिंग मॅग्नेशियमचं असेल तर त्याची धूळ पेट घेते, आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. म्हणून रॉकेल, नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन हळूहळू चिखल आणि जुना रंग काढला. मग एका कोपऱ्यातला धातू चकचकीत करून त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाकला. हाउसिंगवर लगेच बारीक बुडबुडे फसफसले. झाकणावर काहीच झालं नाही. म्हणजे हाउसिंग मॅग्नेशियमचं आणि झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण हॅलिब्रँड दोन्ही धातूंत माल देत असे. पण शंकेला जागा मिळाली.

संध्याकाळी मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी उभं आयुष्य ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवण्यात घालवलंय. मी कॅमेरा झाकणावर धरला तसे ते म्हणाले, "अरे, अक्षरं काय दाखवालास? आतल्या कोपऱ्यांत घे की." मी टॉर्च लावून रिबांच्या (मजबुतीसाठीच्या उंच पट्ट्यांच्या) मुळाशी फोन नेला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ही दोन वेगळ्या हातांची कामं हैत बघ."

त्यांनी दाखवलं तेव्हा मलाही दिसलं. झाकणाच्या प्रत्येक रिबेखालची गोलाई एकसारखी होती, पॅटर्नवर तयार चामड्याची पट्टी चिकटवल्यासारखी. हाउसिंगवर तीच गोलाई जागोजागी बदलत होती, कुणीतरी मेण किंवा पुट्टी बोटाने दाबत नेल्यासारखी. हाउसिंगच्या एका बाजूला लाकडाच्या रेषासुद्धा धातूत उमटल्या होत्या. पॅटर्नला नीट लाखेचा थर न देता थोडेच नग ओतून घेतलेत, असं मामांचं म्हणणं पडलं. मोठ्या कारखान्याचा पॅटर्न असा राहत नाही.

मग झाकण काढलं आणि खरा पुरावा सापडला. झाकणाची कड हाउसिंगच्या कडेशी जुळत नव्हती, डाव्या बाजूला खालचा धातू नखभर बाहेर डोकावत होता. दोन स्टडांच्या शेजारी जुनी भोकं होती, बूच मारून बुजवलेली आणि वरून घासून सपाट केलेली. जुन्या गास्केटचा डाग पृष्ठभागावर राहिला होता आणि त्याचा आकार वेगळ्याच झाकणाचा होता. हाउसिंगचं मूळ झाकण दुसरंच होतं, हे कुठलाही फिटर त्या डागावरून सांगेल.

काळ ठरवायला आतले भाग बघितले. क्राउनचे दाते 37, पिनियनचे 9, म्हणजे 4.11, हे फोर्डच्या नेहमीच्या गुणोत्तरांपैकी एक. बाजूच्या तोंडांवर जुन्या फोर्ड व्ही-8 चे अ‍ॅक्सलचे घंटाकृती भाग बसत होते आणि पुढचं तोंड टॉर्क ट्यूबसाठी होतं. फोर्डच्या मोटारगाड्यांत बंद नळीतला हा शाफ्ट 1948 पर्यंत होता. अर्थात रेसवाले जुना माल वर्षानुवर्षं वापरतात, त्यामुळे अ‍ॅक्सल त्याच वर्षांतला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी हाउसिंग युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आखलं गेलं असावं असं माझं मत आहे. बेअरिंगच्या नंबरांवरून तारीख काढायचा मोह मी टाळला, कारण बेअरिंगही बदलली जातात.

गिअरांची जोडी 21 आणि 25 दात्यांची होती. 25 चा गिअर पिनियनवर ठेवला तर एकूण गुणोत्तर 4.89 होतं, अदलाबदल केली तर 3.45. शेजाऱ्यांना हे आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, वडील गावाजवळच्या छोट्या ट्रॅकवरच धावायचे. छोट्या ट्रॅकला मोठं गुणोत्तर लागतं, आणि बसवलेली जोडी नेमकी तशीच होती, 4.89 ची.

पुढे नेब्रास्कात लिंकनला म्युझियम ऑफ अमेरिकन स्पीड बघून आलो. रेसगाड्यांचे भाग विकणाऱ्या स्पीडवे मोटर्सचे बिल स्मिथ आणि जॉइस स्मिथ यांनी 1992 मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय आहे. रेसगाड्या आणि त्यांच्या सुट्या भागांचा असा साठा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तिथल्या जुन्या अ‍ॅक्सलांशी आमचे फोटो ताडून बघितले, विशेषतः रिबांची मांडणी. आमच्यासारखी मांडणी त्या दिवशी मला कुठे दिसली नाही.

म्हणून शेजाऱ्यांनी जी चिठ्ठी अ‍ॅक्सलला बांधली आहे, तिच्यात आम्ही दोन ओळी वेगळ्या ठेवल्या. हाउसिंग: मॅग्नेशियम, थोड्या नगांचं ओतकाम, फोर्ड व्ही-8 आणि टॉर्क ट्यूबसाठी, कर्ता अज्ञात. झाकण: हॅलिब्रँड, कल्व्हर सिटी, नंतर बसवलेलं. नुसतं हॅलिब्रँड म्हणून विकलं असतं तर गिऱ्हाईक लवकर मिळालं असतं, पण शेजाऱ्यांना ते नको होतं आणि मलाही. भेगा दाखवणारा रंग (डाय) टाकून तपासल्यावर खालच्या शाफ्टच्या बेअरिंगजवळ केसाएवढी भेग दिसली, त्यामुळे हा अ‍ॅक्सल आता शर्यतीत जाणार नाही.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या कुणाला जुन्या शेडमध्ये असं हाउसिंग दिसलं, तर झाकणाचा फोटो सगळ्यात शेवटी काढा. आधी झाकण उतरवून मागची कड, बुजवलेली भोकं, रिबांची मुळं आणि पुढचं तोंड यांचे फोटो घ्या, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी ठेवून. हाउसिंगच्या एका बाजूला अशाच लाकडाच्या रेषा दिसल्या तर मला जरूर कळवा.