प्रॉम्सची शेवटची रात्र: सोडतीपासून ‘ऑल्ड लँग साइन’पर्यंत

प्रॉम्स म्हणजे लंडनमधला बीबीसीचा उन्हाळी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत महोत्सव. त्याची शेवटची रात्र साधारणपणे सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी असते. तिकिटाच्या मागे मात्र मे महिन्यातच लागावं लागतं. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पाच हजारांवर माणसं मावतात, तरी या एका रात्रीची खुर्चीची तिकिटं बहुतेक सोडतीनेच जातात. मुख्य सोडतीत नाव घालायचं तर त्याच मोसमातल्या, त्याच हॉलमधल्या आणखी पाच मैफलींची तिकिटं घेतलेली असावी लागतात. घोळ इथेच होतो: एकाच मैफलीची पाच तिकिटं म्हणजे पाच मैफली नव्हेत. अर्ज जास्तीत जास्त दोन जागांचा करता येतो. मी पाचही तिकिटं वरच्या, स्वस्त रांगांतली घेतली. नाव निघेलच याची खात्री नाही, तेव्हा ऐकायला खरोखर आवडतील अशाच मैफली निवडाव्यात.

खुर्ची नको असेल तर उभं राहायचं. व्यासपीठासमोरची मोकळी जमीन म्हणजे अरीना, अगदी छताखालची गोल वाट म्हणजे गॅलरी. एरवी उभ्याचं तिकीट त्याच दिवशी मिळतं; 2024 मध्ये ते 8 पौंडांना होतं. शेवटच्या रात्रीचे नियम वेगळे, आणि उभ्याने ऐकायचा वीकेंड पास त्या रात्री चालत नाही. अरीना आणि गॅलरीच्या रांगाही वेगळ्या असतात, त्यामुळे उभं राहण्याआधी तिकिटावर काय लिहिलंय ते बघावं. मध्यंतर धरून तीन तासांहून जास्त वेळ पायांवर काढायचा असतो, म्हणून मी जुने, सवयीचे बूट घातले. झेंडा छोट्या काठीचा न्यावा. मोठा नेला की मागच्याला फक्त कापड दिसतं.

पहिला भाग नेहमीच्या मैफलीसारखा, गप्प बसून ऐकायचा. पियानोचं झाकण उघडताना अरीनातून ‘हीव’ आणि गॅलरीतून ‘हो’ अशी आरोळी उठते, एवढाच दंगा. खरी परीक्षा उत्तरार्धात असते, तिथे श्रोतेही गाण्यात सामील होतात. इंग्लिश संगीतकार एल्गारच्या पहिल्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ मार्चच्या जलद भागात सगळे गुडघ्यांतून खालीवर होतात. उड्या मारायच्या नाहीत, टाचा जमिनीवरच ठेवायच्या. नाहीतर त्याच मार्चमधलं, सगळ्यांनी गायचं ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ येईपर्यंत दम संपतो, आणि तो भाग पुन्हाही घेतात.

प्रॉम्स सुरू करणाऱ्यांपैकी एक, संचालक हेन्री वुडने 1905 साली बांधलेल्या सागरी गीतमालेतला हॉर्नपाइप, म्हणजे खलाशांच्या नाचाची धून, सगळ्यांत फसवा. लय हळूहळू वाढत जाते, लोक टाळ्या वाजवत वाद्यवृंदाच्या पुढे पळतात. हॉल मोठा आणि लंबगोल असल्याने मागच्या टाळ्या पुढे उशिरा पोचतात. त्यावर मला एकच उपाय सापडला: कान बंद, नजर संचालकाच्या काठीवर. ‘रूल, ब्रिटानिया’ या देशभक्तिगीतामध्ये कडवी एकल गायकाची, आपलं फक्त धृपद. शब्द ‘रूल द वेव्ह्ज’ असे आहेत, ‘रूल्स’ नव्हे. ती आज्ञा आहे. निम्मा हॉल तरीही ‘रूल्स’च म्हणतो. ‘जेरुसलेम’ या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये वाद्यांचा तुकडा आहे, तिथे घाई करणारा एकटाच गाताना सापडतो. राष्ट्रगीत संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या मांडणीत असेल तर पहिलं कडवं जवळजवळ कुजबुजीत गायचं असतं. तिथे गळा मोकळा सोडला की दुसऱ्या कडव्याची सगळी मजा गेली.

व्यासपीठावर मागे वुडचा अर्धपुतळा असतो, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिककडून आणलेला. उभे राहणारे श्रोतेच त्याला पानांची माळ घालतात आणि रुमालाने त्याच्या कपाळाचा खोटा घाम पुसतात. ते पाहायला अरीनात थोडं मधोमध उभं राहावं.

शेवटी ‘ऑल्ड लँग साइन’, हे निरोपाचं स्कॉटिश गाणं. शेजाऱ्यांचे हात सुरुवातीपासून धरायचे, पण हातांची फुली शेवटच्या कडव्यातच करायची. आधीच केली की सगळी साखळी अवघडून जाते. बाहेर पडल्यावर साउथ केन्सिंग्टन स्टेशनकडे लोंढा जातो. मी पार्काच्या कडेने हाय स्ट्रीट केन्सिंग्टनकडे चालत गेले.