तेल्या बघायला सांगोल्याला: ब्राझीलच्या जोडीदारांसाठी केलेली सोलापूरची फेरी

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालो आणि रात्री दहाच्या सुमारास सोलापूर स्टेशनबाहेर उभे राहिलो. चौघंजण, पाठीवर सॅक आणि एक फोल्डस्कोप, म्हणजे कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप. मी सोलापूरचीच, त्यामुळे मुक्काम जुळे सोलापुरात आत्याकडे. ज्यांची आत्या नाही त्यांनी स्टेशनजवळच्या लॉजवर आधी फोन करून ठेवावा.

कशासाठी गेलो, ते आधी सांगते. आयजेम ही विद्यार्थ्यांची सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे जनुकं जुळवून सजीवांकडून नवं काम करून घेण्याच्या शास्त्राची स्पर्धा. २००३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या एका छोट्या कोर्समधून तिची सुरुवात झाली, २००४ मध्ये पाच संघ होते, आता चारशेहून जास्त असतात आणि २०२२ पासून शेवटचा मेळावा पॅरिसला भरतो. वेगवेगळ्या देशांच्या संघांनी एकत्र काम करावं, अशी तिथे अपेक्षा असते. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं सहकार्य नावापुरतं असतं. तू माझा सर्व्हे भर, मी तुझा भरते, व्हिडिओ कॉलचा एक स्क्रीनशॉट काढू, झालं. आमचीही सुरुवात अशीच झाली होती.

आमचा विषय तेल्या हा डाळिंबावरचा रोग. साओ पावलोकडच्या एका संघाचा विषय मोसंबीवर्गीय झाडांवरचा कँकर. दोन्ही रोगांचे जिवाणू झॅन्थोमोनास याच जातकुळीतले, अगदी सख्खे म्हणावेत इतके जवळचे. हे जिवाणू एक स्निग्धाम्ल बाहेर सोडून आपसांत निरोप देतात, त्याला डीएसएफ म्हणतात. तो निरोप ओळखणारी जनुकं प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूमध्ये बसवायची आणि निरोप मिळाला की तो हिरवा चमकावा, म्हणजे रोग ओळखायचं यंत्रच, अशी दोघांचीही कल्पना. चीनचा एक संघ याच निरोपाचं गणिती मॉडेल करत होता, तो तिसरा भिडू.

आमच्यापैकी तिघांनी तेल्या फक्त फोटोत पाहिला होता. ब्राझीलच्या एका मुलीनं कॉलवर सहज विचारलं, “शेतकरी हे यंत्र नेमकं कधी वापरणार?” आम्ही चौघंही गप्प. म्हणून ही फेरी.

पहाटेच्या एसटीनं मंगळवेढामार्गे सांगोला गाठा. दोन तास तरी धरून चाला, आणि डबा बरोबर घ्या. आत्यानं कडक भाकरी नि शेंगाची चटणी बांधून दिली होती, तीच दिवसभर पुरली. ऑगस्ट महिना निवडला कारण मृग बहाराची फळं तेव्हा झाडावर असतात आणि पावसाळी हवेत तेल्या जोरात असतो. मे महिन्यात जाल तर ऊन तेवढं बघून याल.

पोचलो तेव्हा बागेचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो, बांधावरच आडवे आले. “पानं ओली हायत. नऊ वाजूस्तर आत कुणी जायचं न्हाई.” ओल्या पानांवरून हाताला, कपड्याला लागून रोग पुढच्या झाडावर जातो. मग बूट जंतुनाशकाच्या घमेल्यात बुडवून घेतले, हात धुतले आणि तासभर चहा पीत बसलो. एका दिवसात दोन बागा बघायचा आमचा बेत होता, काकांनी तो तिथंच मोडला. “हिथली घाण तिथं न्यायची का?” तेव्हा दिवसाला एकच बाग, कपडे बदलल्याशिवाय दुसरीत पाय नाही.

ऊन वर आल्यावर आत गेलो. पानावर आधी पाणी मुरल्यासारखा बारीक ठिपका दिसतो, उजेडासमोर धरला की तेलकट. फळावर मात्र तो काळपट होत जातो आणि तिथूनच फळ तडकतं, इंग्रजी एल किंवा वायच्या आकारात. काकांनी असं एक फळ हातात दिलं. अजून पाव किलोही भरलं नसतं, पण चीर थेट दाण्यांपर्यंत गेलेली. डागाच्या कडेचा पानाचा तुकडा ब्लेडनं कापून पाण्याच्या थेंबात ठेवला नि फोल्डस्कोपमधून पाहिलं. कापलेल्या कडेतून धुरासारखं काहीतरी पाण्यात पसरत होतं. ते लाखो जिवाणू. काकांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे होय ते!”

मग ब्राझीलचा प्रश्न त्यांना विचारला. उत्तर ताबडतोब आलं. “डाग पडल्यावर तुमचं यंत्र काय कामाचं? डाग मला बी दिसतोय की. मी गुटीची रोपं इकत आणतो, तवा हिरवीगार असत्यात. त्यातलं कुठलं रोग घिऊन आलंय, ते सांगा.”

दोन महिने आम्ही डागाच्या रसावर काम करायचं ठरवत होतो. डागात जिवाणू ढिगानं, निरोपही ढिगानं, चमक झकास दिसणार, पोस्टर छान होणार. निरोगी दिसणाऱ्या रोपात तो निरोप नखाएवढाही नसेल. म्हणजे किती लख्ख चमकतं हा प्रश्नच नव्हता. किती कमी निरोपाला चमकतं, हे मोजायचं होतं.

संध्याकाळी साडेसहाला कॉल होता. ही वेळ लिहून ठेवा: आपल्याकडे साडेसहा, साओ पावलोत सकाळचे दहा, चीनमध्ये रात्रीचे नऊ. तिन्हीकडची माणसं जागी असतात अशी दुसरी वेळ आम्हाला सापडली नाही. बागेत रेंज नव्हती, म्हणून काका त्यांच्या मोटरसायकलवरून मला हमरस्त्यावर घेऊन आले आणि टपरीपाशी आम्ही फोन लावला. काकांचं मराठी मी इंग्रजीत करायची, तिकडे ते पोर्तुगीजमध्ये जायचं. रोपांचा मुद्दा ऐकून ब्राझीलची मुलं आपसांतच बोलायला लागली. कँकरही लांबच्या गावी जातो तो रोपवाटिकेतल्या रोपांबरोबरच. त्यांच्याकडे अनेक वर्षं कँकर दिसला की झाडं उपटून नष्ट करायची सक्ती होती, हे कळल्यावर काकांनी विचारलं, “मग भरपाई कोण देतंय?” याचं उत्तर त्या मुलांकडे नव्हतं.

आता आमच्या चुका. रोगट पानं आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, संध्याकाळपर्यंत ती घामेजून कुजली. कागदी पाकिटं न्या, आणि काम झाल्यावर पानं जाळून टाका. संमतीपत्र इंग्रजीत छापून नेलं होतं. काकूंनी ते उलटंपालटं करून विचारलं, “कर्जाचं हाय का?” एका पानाचं, मोठ्या अक्षरातलं मराठी संमतीपत्र न्या आणि आधी वाचून दाखवा. प्रयोगशाळेतलं, जनुकं बदललेलं काहीही शेतात न्यायचं नाही, स्पर्धेचाही तसा कडक नियम आहे. हे सगळ्यात आधी सांगून टाका, कारण “तुमचं जंतू हिथं सोडणार का?” हा प्रश्न येतोच.

सर्वात मोठी चूक होता होता राहिली. ब्राझीलनं तेल्याचा जिवाणू मागितला होता आणि आम्ही कुरिअरचे दरही काढले होते. सरांनी वेळीच कान धरला. आपल्याकडचा जैविक नमुना संशोधनासाठी परदेशी संस्थेला द्यायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. सरकारमान्य सहकार्य प्रकल्पांना सवलत आहे, पण दोन कॉलेजांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवलेलं त्यात बसत नाही. मग जंतूऐवजी अक्षरं पाठवली. डीएनएचा क्रम ईमेलनं गेला आणि ज्यानं त्यानं आपापल्या देशात तो बनवून घेतला.

आकड्यांचंही तसंच. आमचं प्लेट रीडर, म्हणजे चमक मोजायचं यंत्र, चार हजार सांगायचं, त्यांचं चाळीस हजार. दोन्ही यंत्रांची एककं आपापली, तुलना करणार कशी? फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या रंगाचं द्रावण निम्मं निम्मं पातळ करत दोन्हीकडे मोजलं आणि सगळे आकडे त्या पट्टीवर आणले. जोडीदार मिळाला की पहिल्याच आठवड्यात हे उरकून घ्या, आम्ही ते जुलैत केलं.

दुसऱ्या दिवशी पुणे रस्त्यावर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. जायचं असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र आधीच पाठवा.

उरलेल्या वेळात भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर पाहिलं, आता तिथे स्मारक आहे. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला, वय अवघं ३२. लहानपणी शाळेच्या सहलीत मी इथे कंटाळले होते. या वेळी एक फोटो चीनच्या संघाला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, “के दीह्वा! हे तुझं गाव?” कोटणीसांचं तिकडचं नाव. मॉडेलचे आकडे तीन आठवडे अडले होते, ते त्याच रात्री आले. योगायोगही असेल.

परवा काकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. नव्या वीस रोपांचा फोटो, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली, कुठल्या रोपवाटिकेतून आणली तेही लिहिलेलं. खाली एवढंच: “ब्राझीलला पाठीव.”