‘हॅव’ आणि आपले ‘आहे’

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी गेल्या आठवड्यात माझी भाची नोकरीच्या मुलाखतीची तयारी करीत होती. घरच्यांविषयी सांगताना ती म्हणाली, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ मी ‘आय हॅव’ अशी दुरुस्ती केली, तेव्हा तिने विचारले, ‘मावशी, मग वी आर हॅविंग लंच कसं चालतं?’

जेवणे, आंघोळ करणे अशी चालू असलेली कृती सांगायची असेल तर ‘हॅविंग’ योग्य असते. नाते, मालकी, आजार यांसारखी स्थिती सांगताना ते बसत नाही. नियम एवढाच आहे. तरीही ही चूक होते, कारण मालकीसाठी मराठीत वेगळे क्रियापदच नाही आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ यातले ‘आहेत’ मनात घोळत राहून ‘ॲम’च्या रूपाने बाहेर पडते, असे मला वाटते.

समोर अंबिया बहाराची संत्री होती. त्यातले एक सोलून तिने फोडी मोजल्या, त्या अकरा निघाल्या. ‘या संत्र्याला अकरा फोडी आहेत’, ‘या फोडीत दोन बिया आहेत’: मराठीत एकदा ‘ला’, एकदा ‘त’, पैशांसाठी ‘जवळ’, तापासाठी ‘अंगात’; इंग्रजीत मात्र सगळीकडे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. आमच्याकडे ‘माह्यापाशी पैसे हायेत’ म्हणतात, म्हणजे वस्तू आपल्यापाशी असते. ‘हॅव’च्या मुळाशी मात्र पकडणे हा अर्थ आहे आणि पकडणे या अर्थाचे लॅटिन ‘कापेरे’ही त्याच धातूतून आले आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

इतके असूनही दोन्ही क्रियापदे पुढे एकाच वाटेने गेलेली दिसतात. ‘मला पत्र लिहायचे आहे’ आणि ‘मी पत्र लिहिले आहे’ या दोन्हींत आपले ‘आहे’ येते, तसेच तिकडे ‘आय हॅव अ लेटर टू राइट’ आणि ‘आय हॅव रिटन अ लेटर’ या दोन्हींत ‘हॅव’ येते.

शेवटी उच्चार राहिला. ‘जावे लागेल’ या अर्थाचे ‘हॅव टू गो’ बोलताना बहुतेकदा ‘हॅफ्टू गो’ असे जोडून येते, तर ‘हॅव टू ब्रदर्स’मधला ‘व्’ तसाच राहतो आणि ‘टू’वर जोर पडतो. ही दोन वाक्ये भाचीने पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून पाहिली आणि मग उरलेल्या फोडी खाल्ल्या.