लांज्याजवळ घडवून घेतलेली कोयती

गेल्या वर्षी १६ इंच पात्याचा तयार कोयता घेतला होता. सुकलेल्या बांबूच्या पेरावर पहिलाच घाव घातला आणि धारेला दोन दाते पडले. सगळ्याच पात्याला कडक पाणी दिलेलं होतं, म्हणजे तापवून एकदम थंड करून ते सगळंच टणक आणि ठिसूळ केलेलं होतं. म्हणून या नोव्हेंबरात आंबा घाट उतरून साखरपा, दाभोळेमार्गे लांज्याजवळच्या मित्राच्या वाडीत गेलो. तिथले लोहारकाका भाजावळीची कवळ (भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला लागणारे टहाळे) तोडायच्या कोयत्या जन्मभर घडवत आलेत.

मी चित्र काढून नेलं होतं: पाठीला करवतीचे दाते, पुढे भाल्यासारखं टोक. काका म्हणाले, "जाळीत शिरल्यावर हा फिरवशील कुठं?" दाते आणि टोक तिथेच खोडलं. ठरलं ते असं: पातं १२ इंच, मुठीपाशी पाठ ५ मिलिमीटर, पुढे थोडी पातळ, नाकाला बाक आणि वजन जरासं पुढे. मूठ लंबगोल, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. मुठीच्या शेवटी गाठ हवीच, घामाने हात सुटत नाही.

जीपच्या कमानपाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) तुकडा मी गॅरेजमधून नेला होता. जुन्या पाट्यात बारीक तडे असतात, ते नीट बघून घ्या. खरं कसब पाणी देण्यात आहे. काकांनी लाल झालेल्या पात्याची फक्त धार, बोटभर रुंदीची, तेलात बुडवली आणि बाहेर काढून दगडाने घासली. पाठीतली धग धारेकडे सरकू लागली, तसा चकाकत्या पट्टीवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट रंग चढला. जांभळं दिसताच सगळं पातं तेलात. धार टिकते, पाठ मऊ राहते, घाव सोसते.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या मालकीच्या डोंगरात पऱ्यापर्यंतची, म्हणजे ओढ्यापर्यंतची वाट मोकळी केली. रानमोडीचं झुडूप एका तिरक्या घावात जातं. करवंदीत मात्र नाकाच्या बाकाची किंमत कळली: फांदी बाकाने ओढायची आणि बुडाशी तोडायची, काट्यात हात घालावाच लागत नाही. ऐनाचं सुकं लाकूड फोडताना पाठीवर लाकडी दांडकाच मारा, दगड नको.

कोयती कमरेच्या मागे आकडीत अडकवा. बरोबरचा माणूस हात आणि कोयतीच्या टप्प्याच्या बराच बाहेर ठेवा आणि घाव आपल्या पायाकडे कधीच येऊ देऊ नका. रोज संध्याकाळी दगडावर धार, मग पात्याला खोबरेल. एसटीत गोणपाटात घट्ट बांधून न्या. अभयारण्यात नेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्रासह आत जाता येत नाही. राखीव जंगलातही झाडतोड गुन्हाच आहे, तिथे वाट अडली तर वळसा घाला.

काकांची भट्टी सकाळी लवकर पेटते आणि दुपारी विझते. आदल्या रात्रीच वाडीत मुक्कामाला पोचा.