मशीनची पिन

मंगळवार, रात्री

आज हे लिहून काढतोच, नाहीतर सकाळ झाली की परत वाटेल जाऊ दे, एवढं काय त्यात.

गेलं दीड वर्ष मी जिममध्ये एक गोष्ट लपून करतोय. लेग एक्स्टेन्शनचं मशीन असतं ना, ज्याच्यावर बसून पाय गुडघ्यातून सरळ करायचे, त्यात वजनाच्या पाट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि मधे पिन खोचायची, पिन जितकी खाली तितकं वजन जास्त. मी बसतो, पिन काढून वर २५ किलोला लावतो, माझे तीन सेट करतो, आणि उठायच्या आधी टॉवेलने सीट पुसतोय असं दाखवत पिन परत खाली ५५ ला खोचून ठेवतो. कशासाठी, तर पुढे जो कोणी बसेल त्याला कळू नये की आधीच्या माणसाने २५ वर केलं. तो बहुतेक वेळा कानात हेडफोन घातलेला पोरगा असतो, त्याचं लक्षही नसतं. पण ते केल्याशिवाय मला उठवत नाही. आणि पिनेला हात लावताना छातीत धडधडतं, खरंच धडधडतं, सेट करताना धडधडत नाही एवढं.

माझं वय ६३. तिशीत बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचा त्याला, ९० किलो मारायचो. आज रॉडच्या वजनासकट ४० होतात, तेही उजवा खांदा बरा असेल त्या दिवशी. हा ९० चा आकडा मी आजवर किती जणांना ऐकवलाय याची मोजदाद नाही, कोणी विचारलेलं नसताना, नवीन ट्रेनर आला की पहिल्या पाच मिनिटांत तो आकडा माझ्या तोंडून बाहेर पडतोच. ती पोरं बिचारी "भारी काका" म्हणतात. त्या "काका" ची मला आता सवय झालीय, पण पहिल्यांदा जेव्हा जिममध्ये ऐकला तेव्हा दोन दिवस गेलो नव्हतो. बाहेर कोणी काका म्हटलं तर काहीच वाटत नाही, उलट बरं वाटतं. पण जिममध्ये, हातात डंबेल असताना, घाम आलेला असताना काका म्हटलं की असं वाटतं की आपण ज्या रांगेत उभे होतो तिच्यातून कोणीतरी हाताला धरून बाजूला काढलं.

आरशाचंही लिहितो. जिममध्ये चारी बाजूंनी आरसे, पळणार कुठे. हात वर केला की दंडाखालची कातडी थोडी उशिरा वर येते. आतला स्नायू टणक आहे, बोटाने दाबून बघतो मी, पण वरची कातडी त्याला घट्ट धरून नाही राहत. छातीवरचे केस पांढरे झालेत. आणि शेजारी कोणीतरी पंचविशीतला उभा असतो ज्याच्या खांद्यावर नुसता हात उचलला तरी रेषा उमटतात. मी त्याच्याकडे बघतो आणि पटकन नजर काढून घेतो, कारण त्याला वाटेल हा काय बघतोय. काय सांगणार त्याला, की मी तुला बघत नव्हतो रे, माझं जे होतं ते तुझ्याकडे कसं दिसतंय ते बघत होतो.

हे सगळं सोडून द्यावं असं कितीदा वाटलं. पण वडिलांचं आठवतं. शेवटची तीन-चार वर्षं त्यांना खुर्चीतून उठता यायचं नाही. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबून, एकदा पुढे झोकून, मागे पडून, परत झोकून, असं तिसऱ्या-चौथ्या वेळी उठायचे. मी हात पुढे केला की "हात लावू नको" म्हणून ओरडायचे. आयुष्यभर ओझी उचललेला माणूस. नंतर नंतर आम्ही सगळे ते उठायला लागले की दुसरीकडे बघायचो, पेपर वाचतोय असं करायचो. तेव्हा वाटायचं आपण त्यांचा मान राखतोय. आता वाटतं की ते एकटेच झगडत होते आणि आम्ही त्यांना एकटं सोडलं होतं.

आता कळतं की त्यांच्या पायात काय झालं होतं. स्नायूंत दोन तऱ्हेचे धागे असतात, एक सावकाश काम करणारे, तासन् तास चालणारे, आणि दुसरे झटक्यात जोर लावणारे. वय वाढलं की आधी बारीक होतात ते झटक्याचे. म्हणून माणूस तासभर आरामात चालू शकतो पण खुर्चीतून उठायला, ठेच लागली तर तोल सावरायला जो एका क्षणाचा जोर लागतो तोच नेमका मिळत नाही. याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नावच मुळात १९८९ मध्ये आलं, अर्विन रोझेनबर्ग म्हणून अमेरिकेतल्या संशोधकाने सुचवलं, ग्रीक शब्द आहेत, मांस आणि उणीव. म्हणजे माझे वडील म्हातारे व्हायला लागले तेव्हा या गोष्टीला धड नावही नव्हतं. तेव्हा सगळे म्हणायचे "वय झालं". डॉक्टरही तेच म्हणायचे, आणि वय झालं म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरतच नाही.

आणि करण्यासारखं होतं, याचाच राग येतो मला. १९९० साली अमेरिकेतच मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना वजनाचा व्यायाम दिला होता, सरासरी वय ९०, माझ्या ह्याच लेग एक्स्टेन्शनसारखा व्यायाम, आठ आठवडे. एक जण मधेच थांबला, उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या माणसांची! दहाच जण होते म्हणून त्यावरून फार उड्या मारू नयेत हे बरोबर, पण हे वाचलं त्या रात्री मला वडिलांची खुर्ची डोळ्यासमोरून जाईना. आता तर डब्ल्यूएचओ पण सांगतं की आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळायचा आणि ताकदीचा असा मिळून व्यायाम. तिशीतला आकडा परत आणा असं त्यात कुठेच नाही लिहिलेलं, ते माझं मीच डोक्यात घेऊन बसलोय.

त्या डोक्यातल्या आकड्यानेच खांदा गेला माझा. दोन वर्षांपूर्वी बाजूच्या रॅकवर दोन पोरं होती म्हणून मी रॉडवर १० किलो जास्त चढवले, स्पॉटर, म्हणजे रॉड सावरायला डोक्याशी उभा राहणारा माणूस, घेतला नाही, मागायची लाज वाटली, आणि सहाव्यांदा रॉड वर ढकलताना खांद्यात आतून कापड फाटल्यासारखं झालं. आवाज आला असं मला वाटलं, आला नसेलही. मी रॉड कसाबसा ठेवला, उठलो, पाणी प्यायलो, आणि मग दहा मिनिटं ट्रेडमिलवर चाललो, एक हात पोटाशी धरून, काही झालंच नाही असं दाखवायला. त्यानंतर पाच महिने डावीकडे झोपलो. विशीत स्नायू दुखला की दोन दिवसांत मोकळा व्हायचा, आता तोच सेट जास्त झाला तर चार-पाच दिवस शरीर सांगत राहतं, आणि सांधा दुखावला तर महिन्यांची भाषा. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही.

त्याच काळात जिममधल्या एकाने इंजेक्शनचं विचारलं होतं. "काका, टेस्टोस्टेरॉन घ्या, वीस वर्षं मागे जाल." मी घरी येऊन दोन रात्री विचार केला, खोटं कशाला बोलू. पुरुषांमध्ये हे हार्मोन साधारण तिशी-चाळिशीनंतर वर्षाला एखादा टक्का उतरतच जातं, हे मला माहीत होतं. मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांना आम्ही रक्त तपासून देतो, ते वेगळं, पण असं बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, रक्त दाट होऊ शकतं, आणि जिममध्ये मिळणाऱ्या बाटलीत काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. नाही घेतलं. पण त्या दोन रात्री लक्षात राहिल्या आहेत.

आता आजचं. चेंजिंग रूममध्ये एक गृहस्थ असतात, सत्तरीचे असतील, अंगाने काटक, कायम काळी ट्रॅकपँट. दीड वर्षात आमचं बोलणं म्हणजे "नमस्कार" आणि "आज गर्दी आहे". आज ते बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते आणि खाली बघतच म्हणाले, "तुम्हाला वाटत असेल मला काळा रंग आवडतो." मला कळेना काय बोलावं. मग म्हणाले, प्रोस्टेटचा कॅन्सर होता, तीन वर्षांपूर्वी ग्रंथी काढली, तेव्हापासून वजन उचललं, खोकला आला की थेंब पडतात. काळ्यावर दिसत नाही. पहिलं वर्षभर ते आलेच नाहीत जिमला, मग एका फिजिओथेरपिस्टने शिकवलं, खालचे स्नायू आधी आवळून धरायचे, श्वास सोडत सोडत वजन उचलायचं, श्वास कोंडायचा नाही. आता बरंच कमी झालंय म्हणाले. नाडी कधीच बांधून झाली होती तरी ते तिच्याशीच खेळत होते.

का सांगितलं त्यांनी मला, माहीत नाही. आज कोणाला तरी सांगायचंच होतं बहुतेक. मी त्यांना पिनेचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "किती लावता?" मी म्हटलं २५. "मग गुडघा कसा राहतो रात्री?" मी म्हटलं बरा राहतो, ३० केलं की दुखतो. "मग २५ च बरोबर आहे, तीन महिने तिथेच थांबा, खाली आणताना सावकाश आणा, चार मोजत." एवढंच. पण माझ्या आयुष्यात एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाशी त्याच्या शरीराबद्दल असं साधं बोललेलं मला आठवत नाही. आमच्या पिढीत बोलायचं म्हणजे एक तर किती उचललं ते सांगायचं, नाहीतर थेट हॉस्पिटलमध्ये भेटायला जायचं. मधलं काही नाहीच. मग मीही त्यांना अजून एक सांगितलं, जे घरातही नीट बोललेलो नाही. ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या डॉक्टरांचं नाव दिलं.

वडिलांनाही कोणीतरी असं बाकावर बसून बोलायला हवं होतं. मीच बोलायला हवं होतं.

शनिवार

आज पिन २५ वर तशीच ठेवली.

दोन सेट झाले होते, तिसऱ्याच्या आधी पाणी प्यायला उठलो. एरवी अशा वेळीसुद्धा मी पिन खाली करून जायचो. आज हात गेला होता, मागे घेतला. बाटली भरून वळलो तर एक पोरगा मशीनवर बसलेला, पिन काढून ७० ला लावत होता. मला तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं. तेवढ्यात त्याने मला बघितलं, कानातला एक हेडफोन काढला, म्हणाला, "काका, झालं ना तुमचं?" मी म्हटलं, नाही, एक सेट राहिलाय.

तो उठला. उठता उठता त्याने पिन ७० मधून काढली, वर नेली आणि २५ ला खोचली. "बसा," म्हणाला, आणि बाजूला उभा राहून मोबाईल बघत बसला.

मी बसलो. खाली आणताना चार मोजत होतो, मनात नाही, ऐकू जाईल असं. नवव्याला मांड्या थरथरायला लागल्या. दहावा पूर्ण झाला.