वजा 29116: प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक घेताना आलेला अनुभव

मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चार जणांच्या दुधाच्या बिलांची बेरीज बरोबर यायची आणि पाचवं नाव घातलं की ती वजा व्हायची. 2023 च्या पावसाळ्यातले माझे तीन आठवडे या एका गोष्टीपायी गेले. दोष माझ्या हातातल्या पुस्तकाचा होता, पण ते कळेपर्यंत मी स्वतःलाच दोष देत बसले. पहिलं पुस्तक घ्यायला निघालेल्या कुणाचे तरी हे तीन आठवडे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

फलटण तालुक्यात आमचं छोटं दूध संकलन केंद्र आहे. माप आणि फॅटचं मशीन सासरे, म्हणजे आमचे अण्णा बघतात, हिशोब माझ्याकडे. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून दर ठरतो, आणि तिथून एकेका पॉइंटला वर किंवा खाली जातो. दर दहा दिवसांनी बिलं काढायची. माझं बीकॉम झालंय, एक्सेल चांगलं येतं. पण दरपत्रक बदललं की प्रत्येक शीटमधली सूत्रं पुन्हा तपासत बसावं लागतं, आणि एक जरी चुकलं तरी सकाळी दूध घालायला आलेला माणूस चारचौघांत विचारतो, "वहिनी, माझे चाळीस रुपये कमी का?" म्हणून ठरवलं, प्रोग्रॅम लिहायला स्वतःच शिकायचं.

तालुक्याच्या गावी एक क्लास लावला. तिथे सी नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होते म्हणून मीही सी शिकायला लागले. पुस्तकही सरांनीच सांगितलं. पुण्याला नणंदेकडे गेले होते, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून घेऊन आले. सहाशेच्या वर पानं आणि शेवटी सोडवलेल्या प्रश्नांचा मोठा साठा. एवढं जाड आहे म्हणजे सगळं असेल, असं वाटलं. दुकानात ते पाच मिनिटंसुद्धा चाळलं नाही.

घरी लॅपटॉपवर एक नवा, फुकट मिळणारा सी कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर, टाकून घेतला. पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम सात ओळींचा होता. अक्षर न् अक्षर बघून टाइप केला. उत्तर आलं: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' आणि पुढे क्लियरस्क्रीन या पडदा पुसायच्या आज्ञेचं नाव, म्हणजे ही आज्ञा सापडत नाही. पुन्हा टाइप केला. स्वल्पविराम, अर्धविराम, कंस, सगळं पेन्सिलने एकेक खूण करत तपासलं. तेच उत्तर. सात ओळींचा प्रोग्रॅम मला उतरवून काढता येत नाही, तर दुधाची बिलं कुठून लिहिणार, असं वाटून त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, "टायपिंग चुकलं असेल, नाहीतर टर्बो टाका." टर्बो सी म्हणजे बोर्लंड कंपनीने 1987 मध्ये डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी काढलेला कंपायलर. आजच्या 64 बिटांच्या विंडोजवर तो सरळ चालतच नाही; डॉसबॉक्स नावाचं दुसरं सॉफ्टवेअर घालून, त्याच्या आत तो चालवायचा. तेही केलं. निळी खिडकी उघडली, पुस्तकातला प्रोग्रॅम चालला, आणि मला इतका आनंद झाला की मी अण्णांना बोलावून दाखवला. पुढचे दोन महिने छान गेले.

मग मी बिलांचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. खरे आकडे घेतले, पैसे सोडून फक्त पूर्ण रुपये. पहिल्याचे 8,240, दुसऱ्याचे 6,915, तिसऱ्याचे 9,480, चौथ्याचे 5,325. बेरीज 29,960, बरोबर. पाचव्याचे 6,460 घातले आणि पडद्यावर आलं वजा 29116.

वहीत बेरीज केली तर 36,420. पाचव्या नावात काहीतरी घोळ आहे असं धरून मी ते काढून दुसरं घातलं. पुन्हा वजा. क्रम उलटा केला, मूळचं पाचवं नाव पहिल्या जागी आणलं. पहिले चार बरोबर आणि शेवटी बेरीज वजा 29116 च. एकेक आकडा घेऊन बेरीज करत जाणारा लूप पुन्हा लिहिला. अण्णांनी शेजारी बसून कॅल्क्युलेटरवर पाच वेळा बेरीज करून दिली. रात्री साडेदहाला केंद्राचं शटर ओढल्यावर बसायचं आणि बारा-साडेबारापर्यंत त्याच वीस ओळींकडे बघत राहायचं, असं पंधरा-सोळा रात्री चाललं. क्लासमध्ये नेऊन दाखवलं तर सर म्हणाले, "इंटच्या जागी लाँग करा." इंट आणि लाँग हे आकडा साठवायचे दोन प्रकार. मी केलं, आकडा छापायच्या ओळीत %डी च्या जागी %एलडी केलं, उत्तर बरोबर आलं. पण असं का, हे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि कारण न कळता आलेल्या उत्तरावर मी लोकांचे पैसे कसे वाटणार? मला तो राग अजून आहे. शिकवणाऱ्याने दोन मिनिटं दिली असती तर पुरलं असतं.

गौरी-गणपतीला नणंद आली, तिच्याबरोबर तिचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. त्याला सगळं दाखवलं. त्याने प्रोग्रॅम बघितलासुद्धा नाही, आधी पुस्तक हातात घेतलं. पहिली चार पानं उलटली आणि म्हणाला, "मामी, हे टर्बोसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही."

मग त्याने कागदावर लिहून समजावलं. टर्बोमध्ये इंट म्हणजे दोन बाइटचा डबा; बाइट हे संगणकाच्या साठवणीचं माप. त्यात वजा 32,768 पासून 32,767 पर्यंतच आकडा मावतो. त्याच्या पुढे गेलं की आकडा उलटून वजा बाजूला जातो. 36,420 मधून 65,536 वजा करा, वजा 29,116 येतात. मी कॅल्क्युलेटर घेऊन केलं आणि नेमका तोच आकडा आला. तीन आठवड्यांचं ओझं त्या एका वजाबाकीने उतरलं. आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये इंट चार बाइटचा असतो आणि दोनशे चौदा कोटींच्या पुढेपर्यंत आकडा घेतो. आमच्या केंद्राला तो जन्मभर पुरेल. आणि क्लियरस्क्रीन? ते सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार आज्ञांच्या साठ्यात, कधी नव्हतंच. ते बोर्लंडने आपल्या कंपायलरबरोबर दिलेलं होतं. म्हणजे पहिल्या दिवशी माझा लॅपटॉप अगदी बरोबर सांगत होता.

तो म्हणाला म्हणून मी पुस्तकाच्या शीर्षकपानाची मागची बाजू पहिल्यांदा नीट वाचली. पुनर्मुद्रण 2021. त्याच्या वरच्या ओळीत पहिली आवृत्ती 1998. मधे सुधारित आवृत्तीचा उल्लेखच नाही. कागद नवा, मजकूर तेव्हाचा. पुस्तक घेताना सगळ्यात आधी हे पान बघा. पुनर्मुद्रणाचं साल म्हणजे फक्त छपाईचं साल. मजकूर कधी तपासला ते 'सुधारित आवृत्ती' या शब्दांपुढे असतं.

यात सी भाषेचा दोष नाही, हेही सांगायला हवं. डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये तयार केलेली ही भाषा आजही चालते, लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा मुख्यतः त्यातच लिहिलेला आहे. सीचंच पुस्तक हवं असेल तर पहिला प्रोग्रॅम काढा. 'व्हॉइड मेन' (void main) आणि 'कॉनिओ डॉट एच' (conio.h) दिसलं तर पुस्तक टर्बोच्या काळातलं समजून खाली ठेवा. 'इंट मेन' (int main) असेल तर पुढची पानं बघा. आपल्याकडे कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बोवरच शिकवलं गेलं, म्हणून अशी पुस्तकं अजून दुकानात नव्यासारखी उभी असतात.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा अप्पा बळवंत चौकात गेले. या वेळी घाई नव्हती. भाच्याने सीऐवजी पायथन ही भाषा घ्या म्हणून सांगितलं होतं. माझ्या कामाला ते सोपं पडेल, एवढं त्याचं म्हणणं पटलं. जुन्या पुस्तकांच्या ढिगात पायथनचं एक जाडजूड पुस्तक निम्म्या किमतीला मिळत होतं. उघडलं तर छापायची आज्ञा असलेल्या प्रिंट या शब्दापुढे कंस नाही, सरळ अवतरणचिन्ह. ती पायथन 2 ची खूण. पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आलं आणि पायथन 2 ला मिळणारा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. कंसाची चूक निदान लगेच दिसते, संगणक अडवतो. भागाकाराची दिसत नाही. सात भागिले दोन याचं उत्तर पायथन 2 मध्ये 3 आणि पायथन 3 मध्ये 3.5. जुन्या पुस्तकातली उत्तरं समोर ठेवून शिकणारा माणूस तिथे नक्की गोंधळणार. मी ते पुस्तक परत ढिगात ठेवलं.

शेवटी तीन पुस्तकं बाजूला काढली आणि दुकानातच स्टुलावर बसून प्रत्येकातले दोन प्रोग्रॅम मोबाइलवर टाइप केले, एक पहिल्या प्रकरणातला आणि एक बरोबर मधल्या पानावरचा. ब्राउझरमध्ये पायथन चालवता येतं, काही टाकावं लागत नाही. पहिला प्रोग्रॅम तिन्हींचा चालला. मधला एकाचा चालला नाही, पुस्तकातच एक कंस गाळलेला होता. दुकानदार दोनदा बघून गेले, मग त्यांनीच पंखा माझ्याकडे वळवला. पाऊण तास लागला. तो पाऊण तास मला आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

उरलेल्या दोनातलं कोणतं, हे एका पानावरून ठरलं. पायथनला 0.1 अधिक 0.2 विचारलं तर उत्तर 0.30000000000000004 येतं, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ते तंतोतंत बसत नाहीत. एका पुस्तकात यावर अर्धं पान होतं आणि पैशांचा हिशोब करायचा तर पूर्णांकात पैसे धरा, असा सल्ला होता. दुसऱ्यात याचा शब्दही नव्हता. वजा 29116 बघितलेल्या माणसाला यातलं कोणतं घ्यायचं हे सांगावं लागत नाही. ते पुस्तक सव्वातीनशे पानांचं होतं, आधीच्या निम्मं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतः करायची उदाहरणं होती. उत्तरं मागे होती, हेही बघून घेतलं. घरी एकट्याने शिकताना उत्तरं नसतील तर आपण चुकलो की पुस्तक, हे कळायला मार्ग नसतो.

मराठीतून शिकावं की इंग्रजीतून, हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. मी दोन्ही उघडून बसायचे. मराठीतून कल्पना लवकर पटते. पण संगणक चूक दाखवतो ती इंग्रजीत, त्यामुळे ज्या मराठी पुस्तकात व्हेरिएबलला (प्रोग्रॅममध्ये आकडा साठवायला दिलेल्या नावाला) फक्त 'चल' म्हटलेलं आहे आणि व्हेरिएबल हा शब्द कुठे दिलेलाच नाही, त्याने पुढे अडचण होते. दोन्ही शब्द शेजारी दिलेले हवेत.

डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांची बिलं माझ्या प्रोग्रॅमवर काढली. बासष्ट नावं, सगळा हिशोब पैशांत, छापताना शेवटी रुपये. अण्णांनी त्यांच्या वहीशी एकेक नाव ताडून बघितलं. त्यांना दोन दिवस लागले. चार बिलांत फरक निघाला, आणि चारही ठिकाणी वहीतलं दरपत्रक जुनं होतं. अण्णांनी वहीतले आकडे खोडून माझे लिहिले आणि खाली सही केली. ते पान मी जपून ठेवलंय.

आणखी एक, मगाशीच लिहायला हवं होतं. तुमच्या संगणकावर पायथनची कोणती आवृत्ती आहे ते पायथन उघडल्यावर पहिल्याच ओळीत दिसतं. दुकानात जायच्या आधी तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. पुस्तकातली आवृत्ती प्रस्तावनेत किंवा पहिल्या प्रकरणात दिलेली असते. कुठेच दिलेली नसेल, तर ते पुस्तक घेऊ नका.